माडवेळचं तिसरं धूड

माडवेळच्या किनाऱ्यावर तिसरं धूड लागलं, ते नारळी पौर्णिमेनंतरच्या तिसऱ्या दिवशी. सकाळी साडेसहाला सरपंचांचा फोन.

"मॅडम, परत एक इलासा. लवकर येवा, लोकां सेल्फी काढतत."

"काढू देत. मेलेलं आहे, चावणार नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला. समोरचा चहा मोरीत ओतून दिला. त्या वासापुढे पोटात काही असून उपयोग नसतो, हे पहिल्या दोन वेळी मी चांगलंच शिकले होते.

मी डॉ. सुलक्षा तारी, तालुक्याची पशुधन विकास अधिकारी. म्हणजे सरळ भाषेत गुरांची डॉक्टरीण. अडलेल्या म्हशीचं रेडकू ओढून काढणं, कोंबड्यांना लस टोचणं, बैलाच्या खुरातला खिळा उपटणं ही माझी कामं. समुद्राने काय ओकलं ते ओळखणं हे माझं काम नव्हे. पण मेलेलं जनावर किनाऱ्याला लागलं की सगळ्या खात्यांची बोटं माझ्याकडेच वळतात. "तुम्ही चिरा मॅडम, तुम्हाला सवय आहे." सवय म्हणे!

किनाऱ्यावर पोचले तर शंभरेक माणसं जमलेली, आणि त्यातले चौघे त्या धुडाला दांडक्यांनी बडवत होते. मेलेल्याला! गेल्या तीन वर्षांत आमच्या भागातल्या पाच होड्या बेपत्ता झाल्या होत्या. त्याचा राग कुठेतरी निघायला हवा होता, तो ह्या मुक्या मांसावर निघत होता. मी एकाच्या हातातलं दांडकं हिसकावून त्याच्याच पोटरीवर हाणलं, तेव्हा कुठे बाजूला झाले.

"मॅडम, दमान," मागून बाबल म्हणाला.

बाबल खडपकर हा माझ्या दवाखान्यातला मलमपट्टी करणारा ड्रेसर. वय सत्तावन्न. लोकांसमोर मला मॅडम म्हणतो, एरवी बाय, कारण माझ्या नाकाला शेंबूड होता तेव्हापासून तो मला ओळखतो. आम्हा दोघांत आणखीही एक गोष्ट आहे. दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ गौरेश आणि बाबलचा एकुलता एक मुलगा, त्याचा झील सिद्धेश, एकाच होडीतून मासेमारीला गेले, बरोबर आणखी दोघे, आणि चौघेही आले नाहीत. एक फळी आली, एक डिझेलचं पिंप आलं. आठ दिवस शोध झाला. मग सगळे म्हणू लागले, पळसाच्या पानांचा पुतळा करा, जाळा, विधी उरकून घ्या. बाबलने जाळला. मी जाळू दिला नाही. भटजींना दारातून परत पाठवलं, आईशी भांडले. माणूस हाती लागल्याशिवाय राख करणार नाही म्हटलं. आई त्या दिवसापासून रोज गौरेशचं ताट वाढते आणि रोज झाकून ठेवते.

धूड साडेचार मीटर लांब होतं. राखाडी, बिनखवल्यांची, जाड कातडी. पुढे वल्ह्यांसारखे दोन रुंद पर, मागे आडवी शेपटी. डोळे कावळ्यांनी नेलेले. ज्येष्ठ महिन्यात पहिलं आलं आणि आषाढात दुसरं, ती दोन्ही इतकी कुजली होती की शेपटी कसली आणि जबडा कसला, काहीच कळत नव्हतं. मुंबईच्या तज्ज्ञांनी दोन्ही वेळा फोटो बघून सांगितलं, ही कुजलेली मुशी आहे, म्हणजे शार्क. मुशी कुजताना जबडा आणि कल्ले आधी गळून पडतात, मग उरलेलं शरीर लांब मानेच्या राक्षसासारखं दिसतं, जगभर लोक असेच फसतात. मला ते पटलं होतं. पण हे तिसरं ताजं होतं, आणि मुशीची शेपटी उभी असते, आडवी नाही. एवढं तर मासळीबाजारातली पोरंही सांगतील.

मी जनुकवाचक काढला. डब्याएवढं यंत्र. मांसाचा कण आत टाकला की पेशीतला मजकूर वाचायचा, साठ्यातल्या लाखो प्राण्यांशी ताडायचा आणि अर्ध्या तासात नाव सांगायचं, हे त्याचं काम. पहिल्या दोन्ही वेळी त्याने तीन नावं दिली होती. कुपा मासा म्हणजे ट्यूना, मुशी आणि कुत्रा. रात्रभर गावातली कुत्री त्या मांसाला तोंड घालत होती, म्हणून मी अहवालात ठोकून दिलं होतं: 'कुत्र्यांच्या लाळेची भेसळ. ओळख: अज्ञात.' आजही पडद्यावर तेच. कुपा, मुशी, कुत्रा.

"घाल खड्ड्यात," मी यंत्र बाबलच्या हातात आदळलं आणि हातमोजे चढवून गुडघ्यांवर बसले.

गळ्यावर एकच घाव होता, खोल, कसलेल्या हाताचा. एका दमात नस तोडलेली. पोटाखाली वीतभर लांब शिवण. अशी शिवण पहिल्या दोघांच्या पोटावरही होती. तेव्हा मी लिहिलं होतं, 'जाळ्याचे अवशेष रुतलेले.' मी बघितलंच नव्हतं. माझे डोळे यंत्राच्या पडद्यावर होते. आज हात फिरवताना रबरी मोजा एका गाठीत अडकला. मी मोजा काढून फेकला आणि उघड्या बोटांनी ती गाठ चाचपली.

माझे आबा, आमचे वडील, जाळी शिवायचे. ट्रॉलरवर जाळं ओढायच्या विंचमध्ये त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, अंगठ्याजवळची. तेव्हापासून ते डाव्या हाताने शिवू लागले आणि गाठीचा शेवटचा फेरा उलटा पडू लागला. चुकीची गाठ. अख्खी वाडी हसायची. आबांनी आम्हा दोघा भावंडांना शिवायला शिकवलं ते तसंच, चूक धरून. आबा गेल्यावर ती उलटी गाठ जगात दोनच माणसांना येत होती. एक मी. आणि मी काही ही बांधली नव्हती.

बाबल माझ्या खांद्यावरून वाकला.

"बाय... ही तुझ्या बापाशीची गाठ गो."

"गप ऱ्हव," मी म्हटलं.

तेवढ्यात जेसीबी आला. मागून गाडीतून उतरला सरपोतदार, नीलधारा कंपनीचा किनारा समन्वयक. आमच्या किनाऱ्यापासून वीस मैलांवर नीलधाराचं मत्स्यशेत आहे. समुद्रात रोवलेला लोखंडी प्लॅटफॉर्म, त्याभोवती तलावाएवढे पिंजरे आणि पिंजऱ्यात लाखो मासे. त्याच्या तीन मैलांच्या आत होड्यांना बंदी. सरपोतदार पुण्याचा. गोड बोलायचा, आणि दोन्ही वेळा धूड लागल्याची बातमी कळल्यावर दोन तासांत डिझेलची पिंपं घेऊन हजर झाला होता. लोकांच्या आरोग्याची त्याला फार काळजी. दोन्ही वेळा जाळण्याच्या कागदावर सही माझी होती. डिझेल ओतून काडी लावली बाबलने.

"मॅडम, साथ पसरेल. पटकन सही करा, आम्ही आटोपतो."

मी सुरीने शिवण उसवली. आत बोटांना कडक काहीतरी लागलं. रेनकोटच्या कापडात गुंडाळलेली चपटी वस्तू. मी ती ओढून काढली आणि सरपोतदारचा चेहरा बघितला. त्याने झडप घालून माझं मनगट धरलं.

"ती कंपनीची मालमत्ता आहे. द्या इकडे."

मी दुसऱ्या हातातली सुरी फिरवली. अंगठ्याच्या बुडापासून तळव्यापर्यंत त्याचं मांस उघडं झालं. तो किंचाळून वाळूत बसला.

"सहा टाके लागतील," मी म्हटलं. "दुसरीकडे जा. मी फक्त गुरांचे घालते."

जमावाला तेवढंच हवं होतं. जेसीबीची काच फुटली. दोन रखवालदार धावून आले, त्यांना लोकांनी आडवे पाडले आणि जी दांडकी मघाशी मेलेल्यावर चालत होती ती जिवंतांवर चालू लागली. एकाचं नाक फुटलेलं मी बघितलं. थांबवायला हवं होतं. मी थांबले नाही. बाबलला म्हटलं, "डोकं तोडून घे आणि चल."

दवाखान्यात आल्यावर बाबल मागच्या पत्र्याखाली ते डोकं फोडत होता. मी दार लावून घेतलं आणि कापड उलगडलं. आत प्लास्टिकच्या पिंपाच्या झाकणाचा तुकडा होता, त्यावर दाभणाने कोरलेली बारीक अक्षरं. अक्षर गौरेशचं. त्याचा 'ल' शाळेपासून वाकडा आहे.

'ताई, ही तिसरी चिठ्ठी. पहिली सोडली तेव्हा आम्ही तिघे होतो. दुसरी सिद्धेशने लिहिली, बाबलकाकांना. तेव्हा दोघे. पंधरा दिवसांपूर्वी त्याला पिंजरा शिवायला पाण्यात उतरवलं, नव्या पिलांनी त्यालाच फाडलं. आता मी एकटा. ही मासे नाहीत, ही कुत्री आहेत. आबांची शिट्टी ऐकतात. चिठ्ठी पाठवायला दर वेळी एक मारावं लागतं. मारताना पळत नाहीत. शुक्रवारी रात्री मला घरी सोडणार म्हणतात. आजवर कोणाला सोडलेलं नाही. संध्याकाळी पाचला मी दक्षिण टोकावर खायला घालतो.'

मी ते चार वेळा वाचलं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, बाहेरचं सगळं आत येतं. आणि माडवेळच्या पट्ट्यात मेलेलं जनावर लागलं की ते चिरायला त्याची बहीण जाणार, हे गौरेशला पक्कं माहीत होतं. त्याने चिठ्ठ्या बरोबर पत्त्यावर टाकल्या होत्या. मी त्या न उघडता जाळल्या. पहिली आली तेव्हा तिघे जिवंत होते. दुसरी आली तेव्हा सिद्धेश जिवंत होता आणि त्याचा बाप त्याच्या चिठ्ठीवर डिझेल ओतत होता.

आज शुक्रवार होता.

बाबल आत आला. कोपरापर्यंत रक्त, हातात मेंदूचा तुकडा असलेली बशी. मी झाकण उलटं केलं.

"गौरेश जिवंत आहे, काका. नीलधाराच्या प्लॅटफॉर्मवर."

त्याने बशी टेबलावर ठेवली. "आणि माझ्या सिद्धेशाचा काय लिवल्यान?"

"पुढची अक्षरं पुसलीयेत," मी म्हटलं. "जाऊनच बघू."

खोटं बोलले. सरळ सरळ, डोळ्यांत बघून. तिकडे जायला तयार अशी एकच होडी होती, बाबलची. त्या पाण्यात जायची छाती असलेला माणूसही एकच. खरं सांगितलं असतं तर तो जमिनीवर कोसळला असता, किंवा त्याने माझा गळा धरला असता, आणि दोन्हीत गौरेश मेला असता. हे सगळं मी तेव्हा हिशेबीपणाने ठरवलं. मला त्याची लाज वाटते.

मेंदूचा कण मी यंत्रात टाकला. बाबलने फोडेपर्यंत मेंदूभोवतीची कूर्चेची कवटी बंद होती, कुठल्याही कुत्र्याचं तोंड तिथवर पोचलेलं नव्हतं. तरी पडद्यावर एकच नाव आलं. कुत्रा.

मग सगळं जागच्या जागी बसलं. स्नायू कुप्याचे, कारण कुप्याइतकं दमदार पोहणारं मांस समुद्रात नाही. सांगाडा मुशीच्या कूर्चेचा, हलका आणि लवचिक. तिन्हींच्या मूळ पेशी एका साच्यात वाढवल्या की वर्षभरात जनावर तयार. आजकाल कापलेला कान असा वाढवतात, ह्यांनी अख्खा जीव वाढवला. पण मत्स्यशेताची राखण करायला नुसतं अंग पुरत नाही. मुशीला घरचा माणूस आणि चोर यांतला फरक शिकवता येत नाही. म्हणून डोक्यात कुत्रा घातला. आणि इथे त्यांचा अंदाज चुकला असणार. कुत्रं कंपनीचं होत नाही. ते खायला घालणाऱ्याचं होतं, त्याच्या आवाजाचं होतं. भोंग्यातून हुकूम देऊन ही जनावरं ऐकत नसणार, त्यांना रोज एक जिवंत माणूस हवा. आणि बुडवलेल्या होडीतून वर काढलेले तीन साक्षीदार हाताशी होतेच.

सागरी पोलिसांना मी चिठ्ठीचा फोटो पाठवला. निरीक्षक बाई भल्या होत्या. म्हणाल्या, बोट निघते आहे, पण बंदरापासून पोचायला सात वाजतील, तुम्ही जाऊ नका. मी हो म्हटलं. सरपोतदारने मला ती वस्तू घेताना बघितलं होतं. पोलिसांची वाट बघितली असती, तर पाचनंतर गौरेश त्या टोकावर दिसला नसता.

दुपारी दोनला आम्ही निघालो. बाबलने होडीत कोयता, हुकाची काठी आणि सिद्धेशचा एक धुतलेला शर्ट टाकला.

"भिजलेलो असतलो," एवढंच म्हणाला. मी समुद्राकडे तोंड केलं.

पावणेपाचला बंदीच्या हद्दीवर तरंगणारे पिवळे बोये दिसले आणि त्यांच्यामागे प्लॅटफॉर्म. बोया ओलांडून शंभर हात गेलो असू, तोच खालून पहिला दणका बसला. होडी अर्धी उचलली गेली. बाबल इंजिनच्या पेटीवर आपटला, त्याचं कपाळ फुटून डोळ्यात रक्त उतरलं. दुसरा दणका बाजूने. फळी करकचून तुटली आणि पाणी आत आलं. मग एकाने अख्खं अंग पाण्याबाहेर फेकून काठावर जबडा रोवला. लाकडाचे तुकडे माझ्या तोंडावर उडाले. बाबलने ओरडत कोयता त्याच्या मानेत घातला, मुठीपर्यंत. गरम रक्ताची चिळकांडी माझ्या गळ्यावर आली, आणि तरी ते सोडेना.

"बाय, शिट्टी! शिट्टी मार गो!"

कारण शिट्टीचं तेवढं मी त्याला सांगितलं होतं. तोंड कोरडं ठाक. आबा अंगठा आणि करंगळीजवळचं बोट जिभेखाली घालून शिट्टी मारायचे, त्यांना दुसरी बोटं होतीच कुठे! मी तशी बोटं घातली. नुसती हवा. परत नुसती हवा. तिसऱ्यांदा फुटली. एक लांब, शेवटी वर चढलेली. आमच्या कुत्र्याला, काळूला, घरी बोलवायची शिट्टी.

सगळं थांबलं.

पाण्यावर डोकी वर आली. दहा, बारा. डोकं एका बाजूला कलतं करून बघत होती. आणि तेव्हा मला त्यांचे डोळे दिसले, जे किनाऱ्यावर कावळ्यांनी नेले होते. तपकिरी, पापण्या असलेले. मानेत कोयता असलेल्याने जबडा सोडला आणि हनुवटी होडीच्या काठावर ठेवली. शेपटी पाण्यावर आपटत होती. वीस वर्षं जनावरांत घालवलीत मी. ती शेपटी का हलते ते मला कोणी शिकवायला नको. ते माझ्या डोळ्यांदेखत मेलं आणि मरेपर्यंत माझ्याकडे बघत होतं.

"ताई!"

दक्षिण टोकावर दाढी वाढलेला एक माणूस उभा होता, हातात बादली. त्याने बादली टाकली आणि उडी मारली.

वर धावपळ झाली. गोळ्यांचे आवाज आले, पाण्यात कारंजी उडाली. एका जनावराने त्याला पाठीवर घेतलं, तो पराला लटकून आमच्याकडे येऊ लागला. आणि प्लॅटफॉर्मच्या मागून एक लाँच सुटली. तीन माणसं, नारिंगी जाकिटं, दोघांच्या हातात बंदुका. लाँच गौरेशच्या मागे लागली. शंभर हात, मग साठ. गोळीने गौरेशचं डोकं एका बाजूला झटक्यात वळलेलं मी बघितलं आणि पाणी लाल झालं.

आबांची दुसरी शिट्टी होती. दोन तुटक फुंकरा. माडावर वानरं आली की काळूला त्यांच्यावर सोडायची. गौरेशने ह्यांना ती शिकवली असेल का, हे मला माहीत नव्हतं. मी विचार केला नाही, असं मी पोलिसांना सांगितलं. विचार केला होता. पुरता एक श्वासभर केला होता. मग मी दोनदा फुंकलं.

डोकी बुडाली. लाँच खालून फुटली, जशी पाच होड्या फुटल्या असतील तशी. एक माणूस हवेत उडाला तो परत पाण्याला लागलाच नाही, वरच्यावर दोन जनावरांनी धरला. एक जण पोहत आमच्या दिशेने आला, हात वर करून. "आई गं! वाचवा! आई!" मराठीत. बाबलने हुकाची काठी पुढे केली, खरंच केली, पण त्याच्या हाताला जे लागलं ते नुसतं जाकीट होतं. मी लांब शिट्टी मारत राहिले. त्यांनी काम पुरं केलं आणि मगच ती आली. त्या तिघांची नावं मला आता पाठ आहेत. त्यातला एक शेजारच्या गावचा होता, लग्न ठरलेला. सकाळी नाक फुटलेला रखवालदार त्याचा भाऊ निघाला.

गौरेशला आम्ही वर ओढलं. डावा कान जाग्यावर नव्हता. मी ओढणी फाडून डोकं आवळलं. तो माझ्या मांडीवर हसत होता आणि रडत होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. मी त्याच्या गालांवर थपडा मारत होते. मेल्या, मेल्या, एवढंच तोंडातून येत होतं.

बाबल शर्ट हातात घेऊन उभा होता.

"गौरेश. माझो झील खंय?"

गौरेशने माझ्याकडे बघितलं. "ताईन सांगूक नाय?"

मग मी सांगितलं. सगळं. तीन चिठ्ठ्या, पहिलीत तिघे, दुसरी सिद्धेशच्या हातची, पंधरा दिवस, पिंजरा, पिलं. मी तुला मुद्दाम सांगितलं नाही, तुझी होडी हवी होती, हेही सांगितलं. बाबल ऐकत होता. त्याने काठावरच्या मेलेल्या जनावराच्या मानेतून कोयता उपटला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. गौरेश उठायला लागला, मी त्याला दाबून ठेवलं.

"सही माझी होती, काका," मी म्हटलं. "मार."

कोयता बराच वेळ वर होता. कपाळाचं रक्त त्याच्या पापण्यांवरून गळत होतं.

"काडी माझी होती," तो म्हणाला.

त्याने कोयता समुद्रात टाकला, शर्ट घडी करून परत पिशवीत ठेवला आणि इंजिन चालू केलं. माडवेळ येईपर्यंत मी तुटक्या फळीतून येणारं पाणी डब्याने उपसत राहिले. मागून ती अकरा जनावरं येत राहिली.

पुढचं पेपरात आलंच आहे. पोलीस पोचेपर्यंत कंपनीच्या माणसांनी खाद्य, औषधं, पिलांचे पिंजरे सगळं पेटवून दिलं होतं. सरपोतदार तुरुंगात आहे, आणि लाँचवरच्या तिघांबद्दल माझ्यावरही खटला आहे. असायलाच हवा. त्या संध्याकाळी आईने झाकलेलं ताट उघडलं. गौरेश जेवला आणि उठून जेटीवर जाऊन बसला. ती अकरा तिथेच घिरट्या घालत होती. खाऱ्या पाण्यात त्यांची मूत्रपिंडं चालायची ती खाद्यातल्या औषधावर, आणि ते औषध जगात कोणाकडे उरलं नव्हतं. मी मासे दिले, सलाइन दिलं, रात्रंदिवस पुस्तकं चाळली. गौरेशने दगड मारून त्यांना हाकललं, म्हणाला, माझ्यासमोर मरू नका. ती थोडी लांब जायची आणि परत यायची.

पाचव्या दिवशी सकाळी सगळी वाळूवर लागली होती. अकरा धुडं, ओळीने. लोक आले, पण कोणाच्या हातात दांडकं नव्हतं आणि फोनही नव्हता. मी प्रत्येकाचा अहवाल लिहायला बसले. 'ओळख' ह्या रकान्यात गौरेशने ठेवलेली नावं लिहिली. दुसरं मला काही सुचलं नाही.

जाळायचं नाही, असं बाबलने आधीच सांगून टाकलं होतं. खड्डे त्याने एकट्याने खणले, कोणाला फावडं धरू दिलं नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी एक शब्द बोललेला नाही, मॅडमही म्हणत नाही. ज्यांच्या जातीने त्याचा मुलगा फाडला त्यांना तो एकेक करून खड्ड्याशी ओढत होता. आणि आत ढकलण्याआधी प्रत्येकाला उताणं करून, मोजे न घालता, त्याच्या पोटावरून हात फिरवत होता. गळ्यापासून शेपटीपर्यंत, सावकाश. एकालाही शिवण नव्हती. तरी त्याने अकराही तपासले, आणि मग पहिल्यापाशी जाऊन परत सुरुवात केली.